शेक

डाव्या नडगीवरचा तेवढाच भाग वाळला होता. बाकी पँट गुडघ्यापर्यंत चिंब, खुर्चीखाली पाण्याचं तळं साचत चाललेलं, आणि लिफ्टदुरुस्तीवरून आलेला नवरा मात्र चहाच्या कपात तोंड खुपसून लिफ्टच्या खड्ड्यात पाणी कसं भरलं, पंप कसा ऐन वेळी रुसला आणि इमारतीचा रखवालदार कोरड्या काठावर उभा राहून त्याला कसा शहाणपणा शिकवत होता, ते सांगत होता. मी ऐकत नव्हते. मी त्या वाळलेल्या जागेकडे बघत होते. तळहाताएवढी, लांबट. कापडाचा रंग तिथे परत फिका झाला होता. मी इस्त्रीवाली बाई आहे, हॉटेलच्या धुलाईखान्यात माझा जन्म गेला, तेव्हा ओलं कापड कसं वाळतं हे मला कुणी सांगायला नको. ते कडेनं वाळतं. शिवणीपाशी, खिशापाशी, जिथे पदर जास्त तिथे हट्टानं दमट राहतं. पण मधेच, एकाच जागी, कापड आपणहून वाळत नाही. वाळलंच तर खाली काहीतरी गरम असतं. उजवा पाय त्याच पाण्यात बुडाला होता, त्याच कापडात होता, आणि अजून निथळत होता. "काय बघतेस एवढं?" तो म्हणाला. "पँट काढ," मी म्हणाले. "अगं चहा तरी पिऊ दे, इतकी काय घाई," असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मला हसू आलं नाही.

मी खाली बसून त्या जागेवर तळहात ठेवला. काही कळलं नाही. माझ्या तळहातांना काही कळतच नाही, ही माझी जुनी फुशारकी. वाफेच्या इस्त्रीपाशी इतकी वर्षं काढल्यावर कातडी अशी काही निबर झाली आहे, की उकळतं भांडं मी नुसत्या हातानं उतरवते. नव्या पोरी चिमटा शोधत बसतात, तेव्हा मी त्यांच्यासमोर मुद्दाम उतरवते. आता मात्र ते दोन हात मला परक्याचे वाटले. मग मी वाकून त्याच्या नडगीवर गाल टेकवला. तो एकदम दचकला, पाय मागे ओढला, चहा सांडला. "वेड लागलंय का तुला?" मी उजव्या नडगीवर गाल ठेवला. ती गार होती, लिफ्टच्या खड्ड्यातल्या पाण्याएवढी गार. पुन्हा डावीवर ठेवला. गालाला चांगली ऊब लागली, चादरीखाली कुणी झोपून उठल्यावर राहते तशी. आणि त्या दिवशीचा शेक अजून व्हायचा होता.

शेकाचं सांगायला हवं. त्याच्या नडगीत धातूची पट्टी आहे. फार वर्षांपूर्वी दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट हलवताना तो खाली कोसळला, हाड मोडून कातडीबाहेर आलं, आणि ते पट्टी आणि स्क्रू घालून जोडावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की ताप आला, लाली आली, कुठे पाझर सुटला तर तसेच इकडे या. ते आम्ही मान डोलावून ऐकलं, आणि पाय चालायला लागला तसं विसरूनही गेलो. चालत्या पायाच्या सूचना कोण ध्यानात ठेवतो? मग या वर्षी तो पाय पुन्हा ठणकायला लागला. जिने फार चढावे लागतात, तो म्हणाला, लिफ्ट बंद असते म्हणून तर मला बोलावतात ना. मला पटलं. आम्हा धुलाईखान्यातल्या बायकांचं औषध एकच असतं. कंबर धरली, मान आखडली, पोटात दुखलं, कुणाचा नवरा नीट वागेनासा झाला, तरी फ्लॅनेलची घडी घालायची, इस्त्रीखाली दाबायची आणि दुखऱ्या जागी ठेवायची. रोज संध्याकाळी मी त्याला शेक द्यायची. शेकानं कातडी लाल होते, गरम राहते, जराशी फुगल्यासारखी दिसते. ती तशी व्हायचीच असते, नाहीतर शेक लागला असं आम्ही म्हणतच नाही. सकाळी तो पँट चढवताना नडगी लाल दिसायची, आणि मी खुशाल म्हणायची, बघ, कालचा शेक कसा मस्त लागलाय. हे मी इतक्यांदा म्हटलंय, की आता आठवलं तरी तोंड कडू होतं.

त्या संध्याकाळी मी इस्त्री तापवलीच नाही. तो वाट बघत पाय लांब करून बसला, आणि मी समोर बसून त्याच्याकडे नव्यानं बघायला लागले. कोण आहे हा माणूस? गालाची हाडं कधी वर आली याची? ताटात अर्धं अन्न ठेवून उठतो, आणि मी समजत होते माझा हात बिघडलाय. सगळं माझ्या डोळ्यांसमोरच घडत होतं. अभ्रे धुवायला काढताना त्याच्या उशीवर मिठाची वर्तुळं दिसायची, एकात एक, पांढुरकी. दुसऱ्यांच्या अभ्र्यांवर असली वर्तुळं दिसली की धुलाईखान्यात आम्ही गप्पा छाटतो, हा माणूस आजारी असणार, नाहीतर प्रेमात. घरच्या अभ्र्यावर दिसली तेव्हा मी म्हटलं, खोलीत हवा नाही. आधी त्याचा पाय जिना चढताना दुखायचा. मग बसला तरी दुखायला लागला, मग आडवा झाला तरी. पायाला विसावा दिला तर दुखणं कमी व्हायला हवं, एवढी साधी गोष्ट. याचं उलटंच चाललं होतं. बसल्या बसल्या तो नडगीवर हात ठेवून मान वाकडी करायचा, आतून कुणी काही बोलतंय आणि ते नीट ऐकू येत नाहीये, असा. मी विचारलं की म्हणायचा, काही नाही गं, हाड जुनं झालं. आणि बाम. घरभर बामाचा वास. चोळतोस की खातोस, मी चिडवायची त्याला. बामाच्या बाटल्या तो स्वतःच आणायचा, स्वतःच लावायचा, आणि शेक घेताना पायमोजा काढायचा नाही. राहू दे, पावलं गार पडतात माझी, म्हणायचा. मी नडगी शेकायची, मोज्याच्या वर.

त्या वासाखाली दुसरा वास होता का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि मामा घरात आला. म्हणजे आला नाही, गेलेली माणसं येत नाहीत हे मलाही कळतं, पण मागच्या खोलीचं दार किलकिलं झाल्यासारखं वाटलं. आमच्या या घराला मागची खोलीच नाही. ती आईच्या घराला होती, आणि त्या खोलीत आईचा भाऊ, माझा मामा, उजवा पाय लांब करून पडलेला असायचा. लहानपणी तो कुठूनसा पडला होता. पाय जुळला पण बरा झाला नाही. नडगीला एक भोक होतं आणि ते कधी मिटायचं, कधी उघडायचं. त्याच्या दुखण्याला घरात कुणी नाव दिलं नव्हतं. आज पाय कोरडा आहे, आज ओला आहे, एवढंच बोललं जायचं. कोरडा असला की आई खूश व्हायची, मामाला दाढी करून द्यायची, आणि नेमका त्यानंतर कधीतरी त्याला ताप भरायचा, दात वाजेपर्यंत थंडी, आणि भोक पुन्हा फुटलं की ताप उतरायचा. आत साचलं की ताप, वाहिलं की आराम. हे सगळ्यांच्या समोर होतं, आणि तरी भोक मिटलं की सगळे हसायचे. एकदा त्यातून हाडाचा कपचा बाहेर आला. मामानं तो पाण्यात धुऊन मला दाखवायला बोलावलं. मी गेले नाही. मी त्या खोलीत कधीच जात नसे. त्याचं ताट उंबऱ्यावर ठेवून नाक दाबून पळायची, आणि मागून त्याचं हसणं यायचं, "अगं वाघ नाही मी." मग एका तापातून तो उठलाच नाही. विष रक्तात गेलं, असं कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. खोली धुतली, खिडक्या उघड्या टाकल्या, भिंतींना रंग दिला. वास गेला, असं सगळे म्हणाले.

माझ्यापुरता तो गेला नाही. पुढे कितीतरी वर्षं तो मला भलत्याच ठिकाणी यायचा. फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यात, ओल्या चादरींच्या गाठोड्यात, एकदा तर सिनेमाच्या मधेच. मी थांबायची, आजूबाजूला बघायची, कुणालाच तो येत नसायचा. तेव्हा मी नाकावर विश्वास ठेवायचा नाही हे शिकले. वास आला की मनाशी म्हणायची, हा तोच, हा खरा नाही, आणि कामाला लागायची. या घरात गेले काही महिने तो येत होता. पलंगापाशी, नवऱ्याच्या बुटांपाशी, बामाच्या पाठीमागे दडलेला. आणि मी दर वेळी म्हणत होते, हा खरा नाही. आता त्याच्या समोर बसून मी तो पहिल्यांदा मुद्दाम ओढून घेतला, छातीत भरला. मला भयंकर भीती वाटली. माझे हात खोटे, माझं नाक खोटं, आणि खुर्चीत बसलेला हा एकटा माणूस खरा, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत आतून संपत चाललाय. "उद्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले. "उद्या मला दोन इमारती आहेत," तो म्हणाला. "इमारती कुठे पळून नाही जात," मी म्हणाले, आणि माझा आवाज असा काही फाटला की त्यानं वाद घातला नाही.

हाडांची डॉक्टर माझ्याच वयाची होती. चष्मा डोक्यावर ठेवून तोच टेबलावर चाचपडत होती, त्यामुळे मला जरा धीर आला. तिनं विचारायला सुरुवात केली. ताप येतो का? नाही, तो म्हणाला. घाम? नाही. भूक? उत्तम. पडल्यावर दुखतं का? छे. मी मधे तोंड घातलं, म्हणाले, खोटं बोलतोय तो, आणि उशीची वर्तुळं सांगितली, ताटातलं अन्न सांगितलं, मान वाकडी करणं सांगितलं. डॉक्टरनं मला थांबवलं नाही. दुखण्याच्या गोळ्या घेता का, तिनं त्याला विचारलं, आणि तो पहिल्यांदा हो म्हणाला. "मग ताप दिसणार कसा? त्याच गोळीनं तो खाली राहतो." मग तिनं नडगीच्या हाडावरून एक बोट दाबत दाबत खाली आणलं, अगदी सावकाश, आणि घोट्याच्या बरंच वर एका जागी त्याच्या पावलाची सगळी बोटं आखडली. "पायमोजा काढा." "तिथं काही नाहीये," तो म्हणाला. "नसू दे, काढा." त्यानं माझ्याकडे बघितलं. तू जरा बाहेर थांबतेस का, म्हणाला. मी कशाला थांबते? डॉक्टरनं स्वतःच मोजा खाली ओढला. खाली काळी टेप होती, वायरींना गुंडाळतात ती, पायाभोवती नीट, एकावर एक, कामावर गुंडाळतो तितकी स्वच्छ गुंडाळलेली. टेपखाली कापूस होता. कापसाखाली भोक होतं, मसुराच्या दाण्याएवढं, कडेची कातडी आत ओढलेली. वास खोलीभर झाला. तो खरा होता. मी मागे सरकले, आणि सरकल्याचं मला पाठ भिंतीला लागली तेव्हा कळलं. डॉक्टर भोकाकडे बघत होती. तो माझ्याकडे बघत होता.

डॉक्टर शांतपणे बोलली. हाडात जंतू शिरलेत. पट्टीच्या आडोशानं ते बहुतेक कितीतरी दिवस बसून होते, पट्टीवर औषध पोचत नाही. आतला हाडाचा तुकडा मेला असणार, शरीर त्याला बाहेर ढकलतंय, आणि हे भोक ही त्याची वाट. रक्त तपासू, फोटो काढू, उघडून आतला नमुना घेऊ, म्हणजे नेमकं कुठलं औषध चालेल ते कळेल. पट्टी काढावी लागेल, मेलेलं हाड खरवडावं लागेल. "आणि पाय?" मी विचारलं. "वाचवायला बघणार. शब्द देत नाही." मग मी शेकाचं विचारलं. "शेकानं झालं नाही हे," ती म्हणाली. "पण शेकाची लाली आणि याची लाली सारखीच दिसते हो. तुम्ही एक दिवस शेक दिला नसतात, तर कळलं असतं." ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं, मी उलट भांडले तरी असते.

दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या सकाळी त्याला तो मागून बांधायचा झगा चढवला. त्या झग्याला कुणीतरी वाईट इस्त्री केली होती, कॉलरपाशी चुण्या. मी त्या चुण्या हातानं ओढत राहिले. "कधीपासून आहे ते भोक?" मी विचारलं. थंडी संपता संपता फुटलं, तो म्हणाला. "आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीस! मी रोज त्या पायापाशी बसत होते, रोज. लिफ्ट आहे का ती, टेप मारून चालवायला?" मी भडकले होते, शेजारच्या पलंगावरचे आजोबा उठून बसले. तो छताकडे बघत होता. "तू मामाची गोष्ट सांगतेस ना," तो म्हणाला. "कुठली गोष्ट?" "कुठली काय. पाहुणे आले की सांगतेस. ताट उंबऱ्यावर ठेवून कशी पळायचीस ते." आणि त्यानं माझी नक्कल केली, चिमटीत नाक धरून, मान मागे टाकून. हुबेहूब. "सगळे हसतात. मीपण हसतो. पण सांगून झाल्यावर तू आत जाऊन चूळ भरतेस, ते तुला माहीत नाही." मला खरंच माहीत नव्हतं. "मग मी म्हटलं, कशाला. मिटलं की टेप काढून टाकू, तुला कळणारही नाही. एवढ्याशा भोकासाठी मला उंबऱ्यावरचं ताट नको होतं." हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. मी चुण्या सरळ करत राहिले. माझ्या घरी, माझ्या पलंगावर, हा माणूस मागच्या खोलीत राहत होता, आणि दार त्यानं आतून लावून घेतलं होतं. मग ढकलगाडी आली आणि त्याला घेऊन गेले.

वाट बघण्याबद्दल काय सांगायचं? बाकावर बसले होते. समोरच्या दाराला गोल काच होती, तिच्यातून कुणाच्या ना कुणाच्या टोप्या दिसायच्या. पाय राहील का, एवढाच विचार मी आलटून पालटून करत होते, आणि मधेच एक नीच विचार यायचा, की पाय गेला तर वासही जाईल. तो आला की मी स्वतःच्या दंडाला चिमटा काढायची. डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिचा चष्मा नाकावर होता. पट्टी काढली, ती म्हणाली, मेलेला तुकडाही निघाला. पाय आहे. हाड बाहेरून सळ्या लावून धरलंय. जखम मुद्दाम उघडी ठेवलीय, आतून भरत यायला हवी, रोज धुवावी लागेल, आणि शिरेतून औषध बरेच आठवडे. राहील की नाही, ते पुढचे दिवस सांगतील. मी हो हो म्हणत होते. आभार मानायचे राहून गेले.

जखम पहिल्यांदा उघडायची होती ती दुपार. नर्सनं पलंगाभोवती पडदा ओढला, भांडं ठेवलं, हातमोजे चढवले. नातेवाईक बाहेर थांबले तरी चालेल, ती म्हणाली. "थांब ना बाहेर," तो म्हणाला. "गप पड," मी म्हणाले, "मी कुठं जात नाही." मी ते अगदी मनापासून म्हणाले होते. नर्सनं वरचं कापड सोडलं, मग त्याखालचं, मग आतली चिकटलेली घडी पाण्यानं भिजवून हळूहळू ओढायला लागली. मी बघत होते. एक लाल खंदक होता, आणि तळाशी पांढरं काहीतरी, ओलं, चकाकणारं. त्याचं हाड. इतकी वर्षं ज्याच्यासोबत राहिले त्याचं हाड. मग वास आला. औषधाचाच असेल, मला ठाऊक नाही, पण घशापर्यंत सगळं वर आलं, आणि माझे पाय मला न विचारता चालायला लागले. पडद्याबाहेर, मोरीपाशी. मी ओकले. नळ सोडला, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. आरशात एक लहान मुलगी उभी असेल असं वाटून मी वर बघितलं नाही. मामा हसेल, असंही वाटलं. कुणी हसलं नाही. मी ओल्या तोंडानं परत फिरले, आणि पडद्याला हात घालणार तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला.

"गेली ना ती?" तो नर्सला विचारत होता. "गेल्या," नर्स म्हणाली. "बाहेर आहेत." "लांब?" "हो, लांब असतील." "मग आता ओरडलो तर चालेल ना?" तो म्हणाला. आणि तो ओरडला. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सगळे महिने, त्या प्रत्येक संध्याकाळी मी नडगीवर तापलेली घडी दाबायची आणि विचारायची, बरं वाटतंय ना, आणि तो म्हणायचा, फार बरं वाटतंय, तेव्हा हा आवाज त्याच्या आत होता. शेजारच्या आजोबांनी कानावर हात ठेवले. मी पडदा सरकवला. मला बघताच त्यानं तोंड घट्ट मिटलं, ओठ पांढरे पडेपर्यंत, आणि वर हसायचा प्रयत्न केला. नर्सचा हात थांबला. मी त्याच्या उशाशी गेले, वास सगळीकडे होता, मला पुन्हा मळमळत होतं, आणि मी त्याचं तोंड माझ्या दोन्ही हातांत धरलं.

"ओरड," मी म्हणाले. "ओरड मेल्या, माझ्यासमोर ओरड."

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग ओरडला.